हद्दीपलीकडचा सल्ला

प्रफुल्लची राख सावडून मंडळी परतली आणि त्याच दुपारी शेजारच्या दोघी हर्षदाच्या ओट्यावर बसून बोलत होत्या. ती आत झोपली असेल असं त्यांना वाटलं होतं.

"गांजानं गेला म्हणे."

"दिसत तर नव्हता बाप्पा तसा."

"दिसतेत का अशी माणसं?"

हर्षदा उठली आणि दार उघडून त्यांच्यासमोर उभी राहिली. "औषध घेत होता तो," ती म्हणाली. "थेंब मोजून." दोघी पदर सावरत निघून गेल्या. पण शब्द काही गेला नाही. आठवडाभरात तो सावनेरभर झाला. ती ज्या शाळेत विज्ञान शिकवायची, तिथल्या शिक्षकांच्या खोलीतही तो तिच्याआधी जाऊन बसलेला असायचा. सासऱ्यांनी तर पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली की पोराला झटका आला. त्यांना त्या औषधी तेलाचा उल्लेखही नको होता.

हर्षदाचा नवरा प्रफुल्ल पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. लहानपणी संधिवाताच्या तापानं त्याच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. तिशीत ती काढून धातूची बसवली. धातूवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी त्याला जन्माची लागली होती. ती गोळी, दर महिन्याची रक्तचाचणी आणि डॉ. मुकुंद घाटोळे, या तिघांच्या भरवशावर त्याचं बरं चाललं होतं. मग एका विहिरीवर काम करताना तो शिडीवरून पडला. मणक्यातली एक नस दबली आणि उजव्या पायात रात्रंदिवस कळ मारू लागली. शस्त्रक्रिया करायची तर रक्त पातळ. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती. प्रफुल्ल दात आवळून जगत होता.

सावनेरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की केळवदच्या पुढं राज्याची हद्द येते. हद्दीच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या त्याच बागा, तीच बोली, तीच सोयरीक. फरक होता तो कायद्याचा. पलीकडच्या राज्यानं भांगेच्या झाडापासून काढलेल्या औषधी तेलाला परवानगी दिली होती. नशा आणणारा भाग त्यातून काढून टाकलेला असे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते औषधाच्या दुकानात मिळे. शिवाय तिथला कायदा असा, की आपला रोगी हे तेल घेतो आहे हे कळल्यावर डॉक्टरनं त्याला धोके समजावून सांगितलेच पाहिजेत, नाही सांगितले तर तो दोषी. अलीकडे नेमकं उलटं. तेल बंद आणि त्याबद्दल डॉक्टरनं रोग्याला चकार शब्द सांगणंही गुन्हा. 'सल्ला म्हणजेच प्रोत्साहन' असं त्या कायद्यात लिहिलं होतं.

हा कायदा पाळला जावा म्हणून अलीकडच्या प्रत्येक दवाखान्यात, डॉक्टरच्या फोनवर आणि संगणकावर 'संयम' बसवलं होतं. आधीची अशी यंत्रं शब्द पकडायची. 'गांजा' म्हटलं की ओरडायची. लोकांनी मग 'बुटी' म्हणायला सुरुवात केली, 'हिरवं' म्हणायला सुरुवात केली आणि ती यंत्रं आंधळी झाली. संयम अर्थ पकडायचं. डॉक्टरचं फोनवरचं बोलणं ते जेमतेम दोन सेकंद अडवून धरी, आधीची सगळी बातचीत ध्यानात घेऊन त्या बोलण्याचा रोख ठरवी आणि तो बंदीतला वाटला तर आवाज गिळून टाकी. ओठ वाचून कुणाला कळू नये म्हणून चित्रही करडं करी. फोनवरच्या माणसाला पडद्यावर फक्त 'जोडणी अस्थिर आहे' असं दिसे. सल्ला रोखला असं लिहिलं असतं, तर सल्ला होता हे तरी कळलं असतं. तेवढंही कळू द्यायचं नव्हतं. गिळलेले शब्द साठवायलाही मनाई होती, ते तिथल्या तिथे नष्ट होत. डॉक्टरच्या टेबलावर तेवढा एक लाल दिवा लागे आणि त्याच्या नावावर एक लाल खूण चढे. दवाखान्यात समोरासमोर बोललं तरी ते ऐके आणि खूण चढेच. तीन खुणा झाल्या की परवाना निलंबित.

प्रफुल्लची मोठी बहीण मंजूषाताई पलीकडे सौंसरला राहायची. तो तिच्याकडे गेला असताना त्याला रात्रभर तळमळताना पाहून ती त्याला तिथल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तो डॉक्टर तरुण होता, सरळ होता. त्यानं तेल लिहून दिलं, पण हृदयाच्या डॉक्टरला विचारून मगच सुरू करा असं बजावलं. म्हणून प्रफुल्लनं ताईच्या अंगणातूनच घाटोळ्यांना व्हिडिओ फोन लावला.

तो फोन प्रफुल्लच्या मोबाइलमध्ये साठवलेला होता. तेरवी झाल्यावर हर्षदानं तो पहिल्यांदा पाहिला. प्रफुल्ल हसत विचारतो, "डॉक्टरसाहेब, इथं हे तेल दिलं आहे, घेऊ का?" घाटोळे खुर्चीत पुढं सरकतात, हात वर करतात, तोंड उघडतात. मग करडा पडदा. बराच वेळ करडा पडदा. आणि मग एकदम त्यांचा चेहरा आणि आवाज, "...मग काही काळजी नाही, प्रफुल्लजी."

"थँक्यू, साहेब," प्रफुल्ल म्हणतो. मागून मंजूषाताईचा आवाज येतो, "नेटवर्क गेलतं वाटते."

त्यानंतर प्रफुल्ल ताईकडेच राहिला आणि दोन आठवडे सुखानं झोपला. पाय दुखेना. हर्षदाला त्यानं फोनवर सांगितलं होतं, "अगं, मी काल बाजारात चालत गेलो!" आणि एका सकाळी चहा पिताना त्याचं डोकं दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो बोलायचा थांबला होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

हर्षदानं ते दृश्य इतक्या वेळा पाहिलं, की 'काही काळजी नाही' म्हणताना डॉक्टरची डावी भुवई किती वर जाते हेही तिला पाठ झालं. तिला त्या माणसाला समोर बसवून विचारायचं होतं. विचारून काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण ते चांगलं असणार नव्हतं.

ती दवाखान्यात गेली तेव्हा घाटोळे तिला पाहून उभेच राहिले. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं बारीक, गावात नाव असलेला माणूस. हृदयाचं काहीही झालं की अख्खा तालुका त्यांच्याकडे यायचा.

"काही काळजी नाही, असं म्हणालात तुम्ही," हर्षदा म्हणाली. "कशाच्या जोरावर?"

घाटोळ्यांनी तोंड उघडलं, टेबलावरच्या दिव्याकडे पाहिलं आणि मिटलं. खिशातला फोन काढून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. "इथं नाही सांगता येत," ते म्हणाले. "माझ्याबरोबर गाडीत बसाल? हद्दीपलीकडे जाऊ."

तिनं मान हलवली. ती मागच्या सीटवर बसली. तिनं पर्समध्ये हात घालून मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं. हद्दीची कमान मागे पडली, पहिला ढाबा आला आणि डॉक्टरांनी गाडी थांबवली. खाटेवर बसल्यावर ते बोलू लागले आणि मग थांबेनात.

"मी सांगितलं होतं त्याला. सगळं सांगितलं होतं. तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हाला समजेल. आपल्या यकृतात काही विकरं असतात. रक्त पातळ करणारी ती गोळी मोडून शरीराबाहेर घालवायचं काम त्यांच्याकडे. हे तेलही त्याच विकरांना अडकवून ठेवतं. मग गोळी मोडली जात नाही, रोज थोडी थोडी साठत जाते. माणूस गोळी एकच खातो, पण अंगात दोन-तीन गोळ्यांचा परिणाम होतो. रक्त नको तेवढं पातळ होतं. तेल वाईट नाही आणि गोळीही वाईट नाही. फक्त दोन्ही एकत्र घ्यायची तर गोळी कमी करावी लागते. मी त्याला म्हटलं, गोळी आजपासून निम्मी करा, चार दिवसांनी रक्त तपासा, हिरड्यांतून रक्त आलं तर मला कळवा. एवढं केलंत, मग काही काळजी नाही."

हर्षदानं समोरचा चहाचा ग्लास बाजूला सारला.

"दिवा लागला होता?" तिनं विचारलं.

"लागला होता."

"म्हणजे काहीतरी गिळलं गेलं हे तुम्हाला कळलं होतं."

"किती गिळलं गेलं ते कळत नाही, हर्षदाताई. मला वाटलं, अर्धंमुर्धं तरी पोचलं असेल. शेवटी तो थँक्यू म्हणाला. बाहेर पेशंट खोळंबले होते. आधीच्या दोन लाल खुणा होत्या. परत फोन लावला असता तर..."

"आज मला घेऊन इथं आलात," ती म्हणाली. "किती वेळ लागला यायला?"

डॉक्टरांनी मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

"अर्धा तास. गाडी तुमची. ढाब्यावर फोनही आहे. त्या दिवशी का नाही आलात?"

"मी भ्यायलो," घाटोळे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ही तिसरी खूण. नागपूरला चौकशी सुरू झालीच आहे."

त्यांचं रडणं बघून तिला जराही बरं वाटलं नाही. यंत्रावर राग धरून काय होणार? यंत्राला लाज नसते. हा माणूस मात्र समोर बसला होता, याला लाज होती आणि तरीही तो त्या दिवशी खुर्चीतून उठला नव्हता. परत येताना तिनं मनाशी ठरवलं, चौकशीत हा खरं बोलला, की मी बोललो होतो आणि माझं बोलणं गिळलं गेलं, तर याला सोडायचं. प्रफुल्लचं नावही त्यानं धुतलं जाईल. एवढी एकच संधी द्यायची. हे तिनं फक्त मंजूषाताईला सांगितलं. ढाब्यावरचं सगळं सांगितलं. ताई फोनवर रडली आणि म्हणाली, "बोलल तो. मनानं वाईट नाही."

नागपूरला चौकशी मंडळासमोर हर्षदाला साक्षीला बोलावलं होतं. तिघंजण बसले होते. अध्यक्ष थकल्यासारखे दिसत होते. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, "त्या फोनमध्ये तेलाबद्दल डॉक्टरांचा काही सल्ला ऐकू येतो का?"

"नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

मग डॉक्टरांची पाळी आली. शपथ झाली. अध्यक्षांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही बंदी असलेल्या द्रव्याबद्दल रोग्याला काही सांगितलं का?"

घाटोळ्यांनी एकदा हर्षदाकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "तेलाबद्दल मी एक अक्षरही बोललो नाही. मी त्यांना नाडीबद्दल विचारत होतो. यंत्राचा गैरसमज झाला असावा."

सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढ्याच वेळात संपलं. लाल खूण पुसण्यात आली. बाहेर व्हरांड्यात घाटोळे तिच्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. "तुम्ही गप्प राहिलात. फार मोठे उपकार झाले, ताई."

"उपकार नाहीत," हर्षदा म्हणाली.

ती सरळ आत कार्यालयात गेली आणि डॉक्टरांच्या जबाबाची शिक्का मारलेली नक्कल तिनं मागून घेतली. मृत्यू पलीकडे झाला होता, तेल पलीकडचं होतं आणि घाटोळ्यांची नोंदणी दोन्ही राज्यांत होती, कारण निम्मे रोगी तिकडचे. तिनं पलीकडच्या न्यायालयात दावा लावला. या डॉक्टरला रोगी तेल घेतो आहे हे सांगितलं गेलं होतं. धोका समजावणं त्याच्यावर बंधनकारक होतं. त्यानं तो समजावला नाही. पुरावा त्याचाच, शपथेवरचा: तेलाबद्दल मी एक अक्षरही बोललो नाही.

नोटीस मिळाली त्या दिवशी घाटोळ्यांचा फोन आला. तिनं तो उचलून कानाला लावला. त्यांच्या खोलीत संयम होतं. ते काहीतरी जीव तोडून बोलत होते आणि तिला ऐकू येत होती फक्त शांतता. तिनं ती शांतता शेवटपर्यंत ऐकली, मग फोन ठेवला. प्रफुल्ल गेल्यानंतर त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

खटल्याच्या दिवशी मंजूषाताईही कोर्टात येऊन बसली होती. घाटोळ्यांच्या वकिलानं बराच किल्ला लढवला, पण न्यायाधीशबाईंनी तो जबाब पुढं सरकवला आणि विचारलं, "ही सही तुमची?"

घाटोळ्यांनी तो कागद हातात घेतला. मग त्यांनी वकिलाला हातानं थांबवलं.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "पण मी खोटं बोललो होतो. परवाना वाचवायला. मी प्रफुल्लला सगळं सांगितलं होतं. ते यंत्रानं गिळलं."

"तुमचे शब्द गिळले गेले याला पुरावा?"

"यंत्र काही ठेवत नाही. पण..." त्यांनी मान वळवली. "या बाईंना माहीत आहे. मी यांना हद्दीपलीकडे नेऊन सांगितलं होतं. विचारा यांना."

न्यायाधीशबाईंनी हर्षदाला पिंजऱ्यात बोलावलं. पर्स तिच्या खांद्याला होती आणि पर्समध्ये मोबाइल. ढाब्यावरच्या ट्रकांच्या आवाजासकट सगळं त्यात होतं. ते ऐकवलं असतं तर बेपर्वाईचा ठपका पुष्कळ हलका झाला असता. सांगायचा प्रयत्न केलेला डॉक्टर आणि तोंड न उघडलेला डॉक्टर यांत कायद्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक होता.

"डॉक्टर म्हणतात तसं काही त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं होतं का?"

हर्षदानं घाटोळ्यांकडे पाहिलं. ते तिच्या तोंडाकडे पाहत होते, औषधाची वाट बघणारा रोगी डॉक्टरकडे पाहतो तसे. ते असेच पाहत राहावेत असं तिला वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

तिकडची नोंदणी रद्द झाली. आणि आपण तेलाबद्दल बोललो होतो अशी कबुली त्यांनी भर कोर्टात दिली होती, म्हणून अलीकडच्या मंडळानं जुनी चौकशी पुन्हा उघडली आणि महिन्याभरात इकडचा परवानाही काढून घेतला. एका राज्यात ते न बोलल्याबद्दल दोषी ठरले, दुसऱ्यात बोलल्याबद्दल.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मंजूषाताईनं तिला गाठलं.

"मले तूच सांगितलंतं ना, ढाब्यावर काय बोलला तो? माझ्या भावाच्या नावानं खोटं बोलली तू?"

"हो."

"काहून?"

"त्याला खरं बोलायची संधी होती, ताई. नागपूरला. तो माझ्यासमोर बोलला, एक अक्षरही नाही. ते अक्षर मी त्याला परत दिलं."

"अन् आता त्याचा तिकडचाही परवाना जाईल, मंग त्या तालुक्यातल्या लोकायनं छातीत दुखलं तर कुठं जायचं?" ताई म्हणाली. "सौंसरचा पोरगा डॉक्टर तिकडच्या माणसाले हातच लावत नाही आता. म्हणते, बोलू की नको बोलू हेच समजत नाही. तू एका माणसाले धरलं नाही, पोरी. साऱ्यायची वाचा बसवली." ती वळली आणि बसस्टँडकडे चालू लागली. त्यानंतर तिनं हर्षदाला एकदाही फोन केला नाही. दिवाळीलाही नाही.

हर्षदाला याचं दुःख झालं. पश्चात्ताप मात्र झाला नाही.

हिवाळ्यात एकदा शाळेतून येताना तिला घाटोळे दिसले. त्यांच्या जुन्या दवाखान्यात आता चष्म्याचं दुकान होतं. समोरच्या कडुनिंबाखाली चहाच्या टपरीपाशी ते बाकावर बसले होते आणि भोवती पाच-सहा माणसं उभी होती. एक म्हातारा गुडघे दाबत विचारत होता, सौंसरहून लेकानं तेल आणलं आहे, बीपीच्या गोळीबरोबर चालेल का? घाटोळे त्याला समजावत होते. उघड्यावर, भर रस्त्यात. संयम फक्त डॉक्टरांना लागू होतं आणि ते आता डॉक्टर नव्हते.

हर्षदा तिथंच थांबली. तिला हा माणूस मुका व्हायला हवा होता.

त्यांनी तिला पाहिलं आणि उठून रस्ता ओलांडून आले. शर्टाची इस्त्री मोडली होती, दाढी वाढली होती.

"तुमच्याकडे ते रेकॉर्डिंग आहे," ते म्हणाले. "पर्स उघडून तुम्ही हात आत घातला होता, गाडीच्या आरशात दिसलं होतं मला."

"मग कोर्टात का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तुम्ही 'नाही' म्हणालात आणि वाटलं, एवढा हक्क तुमचा आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "परवाना नको मला. खटलाही नको. माझी मुलगी केतकी मेडिकलला आहे. ती माझ्याशी बोलत नाही. म्हणते, बाबा, नागपूरला एक सांगितलंत, तिकडे दुसरं, यातलं खरं कुठलं? मी सांगतो, तिला पटत नाही. तेवढं तिला एकटीला ऐकवा. पाहिजे तर तुमच्या घरी बोलावून. मग पुसून टाका."

हर्षदानं पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मोबाइल तिच्या हातातच होता.

"माझ्या घरी सगळ्यांना वाटतं, तो गांजानं मेला," ती म्हणाली. "सासऱ्यांनासुद्धा. खरं काय ते मला माहीत आहे, पण कुणाला पटत नाही. तुम्ही नागपूरला खरं बोलला असतात तर पटलं असतं. आता तुमच्या घरीही नाही पटलं तर नाही पटलं."

"तुम्ही ते पुसलं आहे का?"

"नाही."

"पुसणार आहात?"

"नाही," ती म्हणाली. "आणि देणारही नाही."

घाटोळ्यांनी मान हलवली, जणू त्यांना हेच उत्तर अपेक्षित होतं. ते परत रस्ता ओलांडून बाकावर जाऊन बसले. म्हातारा अजून थांबला होता. त्याला कमी ऐकू येत असावं, कारण घाटोळे आता मोठ्यानं बोलू लागले होते. कोणती गोळी कमी करायची, कधी रक्तदाब मोजायचा, चक्कर आली तर काय करायचं, सगळं एकेक करून ते सांगत होते. हर्षदा चालू लागली. कोपऱ्यावर वळली तरी त्यांचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.